मदत हवी आहे: जुळ्यांपैकी एक उठलं की दुसरं उठतंच

राजारामपुरीत राहतो. मुलगा-मुलगी, सात महिन्यांची. जन्म ३५व्या आठवड्यातला, महिनाभर आधीच झालेला, म्हणजे हिशोबानं सहाचीच धरा. वजन छान वाढतंय. रात्री एकदोनदा पाजावं लागणारच, सलग झोप मागतच नाही मी.

मुलगा बारा-एकला उठतो. त्याला पाजून, ढेकर काढून खाली ठेवतेय तोवर मुलगी टक्क डोळे उघडून पंख्याकडे बघत असते! तिला थोपटून झोपवलं की परत हा. पहाटेपर्यंत हेच रहाटगाडगं.

संध्याकाळी मालिश, साडेसातला दिवे मंद, दिवसाच्या झोपा एकाच वेळी, हे सगळं चालू आहे. मुलगा उठला की मुलीलाही उठवून पाजून बघितलं, पण ती अर्धवट झोपेत पीत नाही, नुसती किंचाळते. झोळीत दोघं झोपायची, पण आता पालथी पडतात म्हणून झोळी बंद. सपाट गादीवर, उताणीच झोपवते.

खोली एकच मिळते, दुसरीत सासू-सासरे. नवऱ्याची एक आठवड्याआड रात्रपाळी. भिंतीला भिंत लागून शेजारी, त्यामुळे रडत ठेवणं शक्य नाही. आणि जायफळ, घुटी कृपया सुचवू नका, त्यावरून घरात पुरेसं झालंय.

जुळ्यांच्या आयांनो, दुसऱ्याला उठवून पाजायचं तुमचं बसलं का, आणि बसायला किती दिवस लागले? की एकाच खोलीत गाद्या लांब करून, मध्ये पडदा लावून फरक पडतो?