संगीत नाटकाची नायिका टीव्हीवर निवडावी का?

दक्षिणकसबा_गायनवर्ग

गेल्या महिन्यात आपल्या सोलापुरात एका संगीत नाटकाचा प्रयोग झाला. मी तिसऱ्या रांगेत होते. नांदी सुरू झाल्यावर सहज मागे वळून बघितलं आणि पोटात कालवलं. डोकी मोजता येतील एवढीच माणसं, त्यातली निम्मी माझ्याहून वयानं मोठी. पुढच्याच आठवड्यात टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतून नावारूपाला आलेल्या एका मुलाचा कार्यक्रम होता, त्याला तिकिटं मिळेनात. आणि तो मुलगा काय गात होता? नाट्यपदंच. म्हणजे पदं लोकांना हवी आहेत. नाटक बघायला मात्र कुणी येत नाही.

म्हणून मनात आलेलं इथं मांडते. एखाद्या मराठी वाहिनीनं संगीत नाटकाची नायिका निवडायचीच स्पर्धा का घेऊ नये? 'सौभद्र'मधली सुभद्रा किंवा 'मानापमान'मधली भामिनी कोण करणार, हे महाराष्ट्र ठरवेल. जी जिंकेल तिला घेऊन नाटक उभं करायचं आणि गावोगाव प्रयोग लावायचे.

लंडनमध्ये हे झालेलं आहे. २००६ साली बीबीसीनं संगीतिकांचे नामवंत संगीतकार अँड्र्यू लॉईड वेबर यांना घेऊन 'द साउंड ऑफ म्युझिक'ची मारिया अशीच शोधली. कॉनी फिशर नावाची मुलगी निवडून आली. त्याआधी ती फोनवरून विक्री करायची नोकरी करत होती. सप्टेंबरात निकाल, नोव्हेंबरात लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहात पहिला प्रयोग, आणि नाटक २००९ पर्यंत चाललं. पुढच्या वर्षी 'जोसेफ' या संगीतिकेसाठी ली मीड, २००८ मध्ये 'ऑलिव्हर'मधल्या नॅन्सीसाठी जोडी प्रेंजर, २०१० मध्ये 'द विझार्ड ऑफ ओझ'मधल्या डोरोथीच्या भूमिकेसाठी डॅनिएल होप. दर शनिवारी जो मुलगी निवडायला बसला, तो ती रंगमंचावर उभी राहिलेली बघायला जाणारच की.

मला हे मनापासून पटतं. तुमचं काय म्हणणं?

बाळीवेस_ऑर्गनवाला

ताई, तुमची तळमळ समजते, पण मी ठाम विरोधात आहे. बत्तीस वर्षं मी नाटकाला ऑर्गनची साथ करतोय.

आमच्या एका प्रयोगात असाच टीव्हीवर गाजलेला गायक नायक म्हणून आणला होता. आवाज गोड आणि सूर पक्का, त्यात मी खोट काढणार नाही. पण संगीत नाटकातलं पद गद्याच्या पोटातून येतं. नट वाक्य बोलत असतो तेव्हाच मी खाली हळूच षड्ज धरलेला असतो. तो वाक्याच्या शेवटाकडे येतो, श्वास घेतो, मी त्याच्या खांद्याकडे बघत असतो. खांदा वर आला की मी भाता भरतो. शेवटचा शब्द बोललेला की गायलेला, हे प्रेक्षकाला कळू नये अशी ती जागा असते. हा मुलगा काय करायचा? वाक्य संपवायचा आणि थांबायचा. कुणीतरी चार मात्रा मोजून देईल, कानातल्या यंत्रात म्युझिक सुरू होईल, मग आपण गायचं, अशी त्याला सवय. ती दोन सेकंदांची शांतता मला आजही आठवते. अख्खा प्रसंग तिथं मरायचा.

तिसऱ्या अंकापर्यंत आवाज बसला. सराव दोन मिनिटांच्या गाण्याचा आणि इथं तीन तास उभं राहायचं. शेवटची दोन पदं आम्ही गाळली.

टीव्हीवर गळा कळतो. नट कळायला तालीम लागते. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि मिरजेला शकुंतला म्हणून उभे राहिले, त्यांना कुणी मतं मागायला लावली नव्हती. कंपनीत राहून, रोज तालमी करून माणूस घडायचा.

जुळेसोलापूर_४

अण्णांशी सहमत, आणि पैशाचंही बोलू. या स्पर्धा मतांवर चालतात. मत देण्यासाठी फोन करायचा, मेसेज करायचा, त्याचे पैसे कापले जातात. ज्या मुलीचं गाव मोठं, ज्या गावात होर्डिंग लावणारे पुढारी जास्त, तिला मतं जास्त. आपल्याकडे हे होताना आपण बघितलंय. चौकाचौकात फलक, 'आपल्या लेकीला मत द्या'. ती चांगली गायली का, हा प्रश्न राहतच नाही.

बीबीसीवरही तेव्हा टीका झालीच. लोकांच्या पैशावर चालणारी वाहिनी एका खासगी नाटकाची आठवडेच्या आठवडे जाहिरात करते, हा तो आक्षेप. तो चूक होता असं मला वाटत नाही.

दक्षिणकसबा_गायनवर्ग

@जुळेसोलापूर_४ सगळं मतांवर नव्हतं. दर आठवड्याला ज्या दोघींना सर्वांत कमी मतं पडत, त्यांना पुन्हा गायला लावत आणि त्यातली कोण राहणार ते लॉईड वेबर ठरवत. शेवटचा निकाल तेवढा लोकांचा. आपल्याकडेही जाणत्यांच्या हाती असा अधिकार ठेवता येईल.

@बाळीवेस_ऑर्गनवाला अण्णा, त्या मुलाला किती दिवस तालीम दिली होती?

बाळीवेस_ऑर्गनवाला

चार दिवस. त्याला तेवढाच वेळ होता.

दक्षिणकसबा_गायनवर्ग

मग हा दोष स्पर्धेचा की तुमच्या मंडळींचा? चार दिवसांत तर तयारीचा नटसुद्धा फसेल.

अशोकचौक_श्रीनू

मी पूर्व भागातला. घरात तेलुगू बोलतो, वडील यंत्रमागावर होते, आता घरीच असतात. मी गाणं शिकलो ते भजनी मंडळात आणि मोबाईलवर ऐकून. अण्णा म्हणतात कंपनीत राहून माणूस घडायचा. कंपन्या कुठं आहेत आता? एका हौशी मंडळात मी विचारायला गेलो होतो. पहिला प्रश्न, 'गाणं कुणाकडे शिकलास?' दुसरा प्रश्न आडनाव. तिसरा प्रश्न आलाच नाही. आवाजही ऐकून घेतला नाही.

टीव्हीच्या माणसाला माझं आडनाव माहीत नसतं. तो म्हणतो, गा. एवढंच मला हवंय. माझ्या मराठीत तेलुगूचा हेल आहे, तो मी घालवीन, मेहनत करीन. पण आत घ्यायला कुणीतरी दार उघडायला पाहिजे ना.

'कट्यार काळजात घुसली' नाटकातली पहिली झरीना आपल्या सोलापूरच्या फय्याज. १९६७ साली वसंतराव देशपांड्यांसमोर उभ्या राहिल्या. पुढं नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. याच गावातून गेल्या.

जुळेसोलापूर_४

@अशोकचौक_श्रीनू भाऊ, तुझ्याबरोबर झालं ते वाईटच झालं. पण फय्याजबाईंचं नाव घेतलंस म्हणून विचारतो, त्या टीव्हीच्या मतांवर गेल्या का? तेव्हा सोलापुरात टीव्ही तरी होता का? त्यांच्याकडे गुण होता आणि तो ओळखणारी माणसं होती. आज कमी पडतात ती ओळखणारी माणसं. ते काम वाहिनी करणार नाही.

अशोकचौक_श्रीनू

ओळखणारी माणसं कमी आहेत म्हणूनच तर म्हणलालाव दादा. ती नाहीत तर मी वाट बघत म्हातारा होऊ का?

होटगीरोडची_आई

मी कुठल्याच बाजूची नाही, फक्त बघितलेलं सांगते. माझ्या मुलीला घेऊन गाण्याच्या एका स्पर्धेच्या निवडीला पुण्याला गेले होते. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघालो, अपरात्री पुण्यात उतरलो, स्टेशनवरच तोंड धुतलं. पाच वाजता रांगेत. पोरीच्या फ्रॉकवर नंबराचा कागद चिकटवला. बरोबर दशम्या आणि शेंगाची चटणी होती, ती बाराच्या आत संपली. दुपारी साडेतीनला आत घेतलं. ती 'सा' लावून पहिली ओळ गायली, दुसरीला हात वर करून थांबवलं. 'थँक्यू बेटा.' सगळं मिळून मिनिटभर नाही. कुणी चुकलं काय ते सांगितलं नाही.

परत येताना कुर्डुवाडीपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, 'आई, माझा सूर पेटीच्या काळी चारला नीट लागतो, मी घाबरून पांढरी पाचला लावला.' एवढं तिचं तिला कळलं होतं, समोरच्यांना विचारावंसं वाटलं नाही.

श्रीनू, दार उघडं असतं हे खरं. पण ते उघडून बंद व्हायला मिनिटही लागत नाही.

विजापूरवेस_जुना_प्रेक्षक

वय त्र्याहत्तर. मी दक्षिण कसब्याच्या ताईंच्या बाजूनं आहे, आणि अण्णांना एक आठवण करून देतो. ८ जुलै १९२१ ला मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. टिळक स्वराज्य फंडासाठी. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. लोक तिथं कशाला गेले होते? देशकार्य होतंच, पण कोण सरस ठरतो ते बघायलाही गेले होते. स्पर्धा आपल्या रंगभूमीला परकी नाही. 'वन्समोअर' म्हणजे तरी काय? प्रेक्षकाचं मतच ते. तीन-तीन, चार-चार वन्समोअर मिळवणारा गाजायचा, न मिळवणारा पुढच्या मोसमात दुय्यम भूमिकेत दिसायचा.

बाळीवेस_ऑर्गनवाला

काका, आपल्या शब्दाचा मान ठेवून सांगतो. वन्समोअर देणारा माणूस पदरचे पैसे खर्चून, नाट्यगृहात येऊन, अख्खा प्रसंग बघून द्यायचा. घरी जेवताना फोनचं बटण दाबणाऱ्याशी त्याची तुलना होत नाही. आणि गंधर्व-केशवराव दोघेही त्या दिवशी उभे राहिले तेव्हा त्यांच्यामागे वर्षानुवर्षांचे प्रयोग होते.

लंडनचंही पूर्ण सांगायला हवं. कॉनी फिशर विक्रीची नोकरी करत होती हे खरं, पण त्याआधी ती नाट्यशाळेत रीतसर शिकलेली होती. ली मीड तर व्यावसायिक संगीतिकांमध्ये कामं करतच होता. स्पर्धेनं त्यांना घडवलं नाही, घडलेल्यांना दाखवलं. आणि तरी कॉनीला आठवड्याच्या आठ प्रयोगांपैकी सहाच दिले, दोन दुसरी नटी करायची. पुढे आवाजाच्या दुखण्यानं तिला संगीतिकाच सोडाव्या लागल्या. दुखणं स्पर्धेमुळे आलं असं मी म्हणत नाही. पण एका गळ्यावर आठवडाभराचा भार काय असतो, हे निवडताना मत देणाऱ्या कुणाला ठाऊक असतं?

पार्कचौक_नाट्यवेडी

अण्णा, तुम्हीच आता ताईंचा मुद्दा सिद्ध केलात. घडलेल्यांना दाखवलं, हेच तर हवंय! आपल्याकडे घडलेली माणसं आहेत. राज्य संगीत नाट्य स्पर्धेत दरवर्षी केवढी तयारीची पोरं उतरतात, आणि बघायला परीक्षक आणि त्यांचे नातेवाईक. त्यांना कुणी दाखवत नाही.

आणि जिंकणं हेच सगळं नसतं. नॅन्सीच्या त्या स्पर्धेत जेसी बकली दुसरी आली, आयर्लंडची अठरा वर्षांची मुलगी. तिला नॅन्सीची बदली नटी म्हणून थांबायचं विचारलं, ती नाही म्हणाली, दुसरी संगीतिका केली, नंतर 'राडा' या नाट्यशाळेत जाऊन शिकली. २०२२ मध्ये तिला ऑस्करचं नामांकन होतं. अमेरिकेत 'ग्रीस'साठी अशीच स्पर्धा झाली, २००७ मध्ये. त्यातली लॉरा ऑस्नेस पुढे ब्रॉडवेवर टिकली, तिथल्या रंगभूमीच्या टोनी पुरस्काराचं दोनदा नामांकन मिळालं. पोरींना एकदा उजेडात यायची संधी मिळाली, पुढचं त्यांनी कष्टानं केलं.

जुळेसोलापूर_४

बकलीचं उदाहरण तर आमच्या बाजूचं आहे. मतांनी तिला दुसरी ठरवलं, घडवलं ते नाट्यशाळेनं. आणि २०१० मध्ये 'कट्यार' पुन्हा उभी राहिली, वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि महेश काळे यांना घेऊन, तेव्हा भूमिका कोणी करायच्या हे मेसेज करून ठरवलं नव्हतं. तरी तरुण पोरं गेलीच की बघायला.

दक्षिणकसबा_गायनवर्ग

गेली, कारण त्या दोघांचं गाणं लोकांना आधीच माहीत होतं. गाणारा ओळखीचा झाला की लोक नाटकाला येतात, हेच मी पहिल्यापासून सांगतेय. प्रत्येकाला आजोबांच्या नावाची पुण्याई मिळत नाही. श्रीनूला कुठून मिळणार?

अण्णा, तुमच्या त्या दोन सेकंदांच्या शांततेवर मी कालपासून विचार करतेय. तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे, मी स्वतः पेटीवर बसते, मला ते कळतं. मग स्पर्धेतच ते का घालू नये? सुटं पद गायचंच नाही. प्रवेश करायचा, गद्यासकट, समोर ऑर्गन आणि तबला, कानात काही नाही. ज्याला वाक्यातून पदात जाता येत नाही तो पहिल्याच फेरीत गळेल. आणि तालीम दाखवायची, निकालापेक्षा जास्त तालीम. होटगी रोडच्या ताईंच्या लेकीला 'तुझा सूर काळी चारचा आहे' असं सांगणारा माणूस पडद्यावर दिसू दे. प्रेक्षक त्यातूनच शिकेल काय ऐकायचं ते.

बाळीवेस_ऑर्गनवाला

वाहिनी असं करेल यावर माझा विश्वास नाही. दर सात-आठ मिनिटांनी जाहिरात लावायची असते त्यांना, अख्खा प्रवेश कोण दाखवेल? मी विरोधातच आहे आणि राहीन.

पण श्रीनू, तुझं वाचून रात्री झोप लागली नाही. आडनाव विचारणारे आमच्यातलेच, हे मला नाकारता येणार नाही. बाळीवेशीत माझ्या घरी ऑर्गन आहे. रविवारी सकाळी दहाला ये.

अशोकचौक_श्रीनू

येतो अण्णा. कोणतं पद बसवून येऊ? माझा सूर पांढरी दोन.

बाळीवेस_ऑर्गनवाला

पद नको. 'सौभद्र'च्या पहिल्या अंकातलं अर्जुनाचं गद्य पाठ करून ये. पदाचं तिथं बघू.