मदत हवी आहे: पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरूच होत नाही (तातडीचं!)

घाईत_परळकर
दोन रात्री वाया गेल्या. बाबांच्या लॅपटॉपवर डेबियन १३ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकायचंय. विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले आणि ११ ला हा लॅपटॉप चालत नाही म्हणे. फाइल उतरवली, रूफस नावाच्या प्रोग्रामने पेनड्राइव्ह बनवला, एफ१२ दाबून तो निवडला, की क्षणभर काळं होतं आणि परत विंडोज. शनिवारी बाबा गावी निघतायत. लवकर सांगा.

खवचट_खान
लॅपटॉप कुठला, प्रोसेसर कुठला, रॅम किती, फाइल कुठली? नुसतं 'दुखतंय' सांगून गोळी मागताय.

घाईत_परळकर
साधाच लॅपटॉप आहे हो. इंटेल. रॅम ४.

जुनाट_डबा
४ जीबी असेल तर डोळे मिटून ३२ बिटचं, म्हणजे जुन्या प्रोसेसरवालं, डेबियन टाका. माझ्या दुकानातलं मशीन त्यावरच पळतंय.

खवचट_खान
१३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलर आहे कुठे? १२ वरच संपला तो. आणि बिट प्रोसेसर बघून ठरवतात, रॅम बघून नाही. कोअर २ ड्युओसुद्धा ६४ बिट होता.

जुनाट_डबा
माझं चालतंय. तुमचं ज्ञान तुमच्यापाशी.

माटुंगा_लोकल
एवढं करण्यापेक्षा एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क टाका. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात जा, तासाभरात बसवून देतात. मी टाकली, मशीन नवीन झालं.

शुद्धलेखक
डॉ. भडकमकर मार्ग म्हणा. मराठी माणूसच नाव घेत नाही, मग इतरांना काय बोलणार?

माटुंगा_लोकल
टॅक्सीवाल्याला भडकमकर मार्ग सांगून बघा एकदा.

घाईत_परळकर
एसएसडी विचारलीच नाहीये मी!! सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) बंद करून पाहिलं, काही फरक नाही.

सुमी_ताई
फाइलचं नाव जसंच्या तसं टाका बरं.

घाईत_परळकर
डेबियन १३, पुढे एआरएम६४ नेटइन्स्ट. एएमडी६४ पण होती, पण आपलं इंटेल आहे ना, म्हणून ती सोडली.

सुमी_ताई
सापडलं! दादा, एएमडी६४ हीच तुमची. ६४ बिटची ही रचना आधी एएमडी कंपनीने आणली, २००३ मध्ये ऑप्टेरॉन प्रोसेसरमध्ये. मग इंटेलनेही तीच उचलली, पण डेबियनमध्ये नाव एएमडीचंच राहिलं. कुठे एक्स८६_६४ लिहितात, कुठे एक्स६४, सगळं एकच. एआरएम हे वेगळंच घराणं: फोन, रास्पबेरी पाय, ॲपलच्या एम चिप. तुमचा लॅपटॉप पेनड्राइव्हवर 'बूटएक्स६४' नावाची फाइल शोधतो. त्या पेनड्राइव्हवर 'बूटएए६४' आहे. म्हणून तो गुपचूप विंडोजकडे वळतो.
खात्री हवी तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट. 'एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' दिसलं की झालं. त्याच ओळीत आधी '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम' असलं तरी बिचकू नका, ते आत्ता टाकलेल्या विंडोजबद्दल आहे.

खवचट_खान
म्हणून फाइल कुठली ते पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं.

जुनाट_डबा
असली नावं ठेवल्यावर माणूस फसणारच. याबाबतीत मी परळकरांच्या बाजूने.

बोरूबहाद्दर
लिनक्सवर मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. सवय व्हायला आठवडा पुरतो.

घाईत_परळकर
कोणी विचारलं? असो. सुमीताई, नवीन फाइल उतरवली, पेनड्राइव्ह परत केला आणि सुरू झालं!!! भाषा विचारतोय. मराठीपण आहे यादीत. घेऊ?

सुमी_ताई
घ्या की. कीबोर्ड मात्र इंग्रजी ठेवा, पासवर्ड टाकताना गोंधळ नको. आणि पुढे 'संपूर्ण डिस्क वापरा' येईल. बाबांचे फोटो वगैरे बाहेर काढून ठेवलेत ना?

घाईत_परळकर
थांबा. बंद करतो.