एडीएचडी की नुसता कंटाळा आणि चालढकल?

गोदाकाठ : नमस्कार. मी २६ वर्षांची असून दोन वर्षांपासून नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. राज्यघटनेचे पुस्तक उघडले की पंधरा मिनिटांत मन भरकटते आणि साधा अर्ज भरण्याचे कामही मी शेवटच्या रात्रीपर्यंत ढकलते. एडीएचडी, म्हणजे अवधान-अभाव आणि अतिचंचलतेचा विकार, याविषयीच्या चित्रफिती पाहिल्यापासून आपल्याला तेच असावे असे वाटू लागले आहे. घरचे मात्र याला आळस म्हणतात. नेमका फरक कसा ओळखावा?

सातपूरकर : ताई, माझे निदान ३४व्या वर्षी झाले. नावडत्या कामाचा कंटाळा सर्वांनाच येतो. परंतु मी हौसेने लावलेला बासरीचा वर्गही वेळा चुकवून सोडला, कारखान्यात नोंदी अर्धवट राहत आणि घरी गॅसवर ठेवलेले दूध रोज उतू जाई. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत शाळेची प्रगतिपुस्तके मागितली. आईने जपून ठेवलेल्या तिसरीच्या पुस्तकात ‘हुशार आहे, पण लक्ष नसते’ असा शेरा निघाला, तेव्हा मला रडू आवरले नाही.

अवधान : मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे. प्रगतिपुस्तके मागण्यामागे कारण आहे. २०१३ च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनुसार काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वीपासून असावी लागतात, ती घर, शिक्षण, नोकरी अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांमुळे कामकाजात खरोखर बाधा यावी लागते. अवधानाच्या नऊ लक्षणांपैकी मुलांमध्ये सहा, तर १७ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींमध्ये पाच लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असणे अपेक्षित असते. सातपूरकरांच्या अनुभवाला एक पुस्ती जोडते : आवडत्या कामात तासन्‌तास बुडून जाता येते, एवढ्यावरून हा विकार नाही असे म्हणता येत नाही. शिवाय मुलींमध्ये चंचलता बाहेर फारशी दिसत नसल्याने पुष्कळदा निदानच राहून जाते. एडीएचडी सिद्ध करणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन नाही. थायरॉइडची तपासणी सांगतात ती अन्य कारणे वगळण्यासाठी. गोदाकाठ, पदवीपर्यंत तुमचे लक्ष कसे होते? झोप कशी आहे?

गोदाकाठ : काल आईला विचारले. शाळेत आणि महाविद्यालयात मी सलग तीन-चार तास वाचत असे, वह्या वेळेवर देत असे. गेल्या वर्षी पूर्वपरीक्षेत अपयश आल्यापासून हे सुरू झाले. रात्री दोनपर्यंत झोप येत नाही आणि पुस्तक हाती घेतले की पुन्हा नापास होण्याचीच भीती वाटते.

अवधान : तसे असेल, तर एडीएचडीपेक्षा चिंता, नैराश्य आणि अपुरी झोप यांचा विचार आधी व्हायला हवा, त्यांमुळेही लक्ष असेच उडते, आणि चालढकलीच्या मुळाशी पुष्कळदा अपयशाची भीतीच असते. तिला आळस म्हणणे मला मान्य नाही. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवा आणि जाताना आईला बरोबर न्या. तोवर बोलावेसे वाटले, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

गोदाकाठ : सोमवारी आईसोबत जाते आहे.