सल्ला हवा: क्लासलाच मॉड्यूल मानावं की दोन्ही वेगळे ठेवावेत?

पार्सरप्रेमी
नमस्कार मंडळी. फावल्या वेळात एक छोटी ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषा रचतोय. सुरुवात जावाच्या वळणावर केली: क्लास हाच टाइप आणि आतलं-बाहेरचं ठरवणारी हद्दही तोच. आता त्याच भाषेत ग्राफची लायब्ररी लिहायला घेतली आणि अडलो. ग्राफ, शिरोबिंदू आणि कड या तिन्ही क्लासना एकमेकांची आतली फील्ड्स लागतात, पण वापरणाऱ्याला ती दिसता कामा नयेत. सी++सारखं 'फ्रेंड' (ठरावीक क्लासला आतलं बघायची परवानगी) आणू, की मॉड्यूल (अनेक क्लास एकत्र ठेवणारी कोडची पेटी) ही वेगळीच गोष्ट भाषेत घालू? आधी कोणत्या भाषा अभ्यासाव्यात?

गोदाकाठ
मॉड्यूल वेगळं घालाच. फ्रेंडमध्ये परवानग्या जोडीजोडीने द्याव्या लागतात. चौथा क्लास आला की जुने तिन्ही पुन्हा उघडा.

पहिली शिफारस ओबेरॉन-२, विर्थ आणि म्योसेनबॉक यांची. नावाला * लावला की ते मॉड्यूलबाहेर दिसतं, - लावलं की बाहेरून फक्त वाचता येतं, काहीच नसलं तर आतल्या आत. एका मॉड्यूलमधल्या सगळ्या टाइपना एकमेकांचं सगळं दिसतं. तुमचा ग्राफचा प्रश्न तिथे उरतच नाही.

सोबत क्लेमेन्स शिपर्स्की यांचा १९९२ च्या ईकूप परिषदेतला 'इम्पोर्ट इज नॉट इनहेरिटन्स' हा निबंध वाचा. मॉड्यूल आणि क्लास दोन्ही का लागतात, हाच त्याचा विषय. जावात याचा पुरावा बघायला मिळतो: नुसती स्थिरांकांची नावं आखूड लिहिता यावीत म्हणून लोक स्थिरांकांचा इंटरफेस 'इम्प्लिमेंट' करायचे. हवा होता इम्पोर्ट, घेतलं टाइपचं नातं, आणि ते नातं क्लासच्या जाहीर चेहऱ्यावर कायमचं चिकटलं. जावा ५ मध्ये स्टॅटिक इम्पोर्ट आला तो यासाठीच.

पार्सरप्रेमी
पटलं. पण उपक्लास दुसऱ्या मॉड्यूलमध्ये असेल तर? 'प्रोटेक्टेड' (उपक्लासना दिसणारं) लागणारच ना?

गोदाकाठ
नाही. मॉड्यूला-३ बघा, माझ्या मते या बाबतीत तिच्याइतकं नेटकं काम कुणी केलेलं नाही. तिथे एकच टाइप वेगवेगळ्या इंटरफेसांतून (इथे इंटरफेस म्हणजे मॉड्यूलचा बाहेर दिसणारा भाग) कमी-जास्त उघडा करता येतो. तिच्या लायब्ररीत वाचनप्रवाहाचा टाइप आहे. नुसतं वाचणारा 'आरडी' हा इंटरफेस इम्पोर्ट करतो. नव्या जातीचा प्रवाह लिहिणारा 'आरडीक्लास' करतो आणि त्याला आतली रचना दिसते. कोणाला किती दिसावं हे वारशावरून ठरत नाही, तुम्ही काय इम्पोर्ट केलं त्यावरून ठरतं. प्रोटेक्टेडमध्ये कुणीही उपक्लास काढून आत शिरतो आणि ते इम्पोर्टच्या ओळींत दिसतही नाही.

तळटीप
दुसरी बाजूही पाहा. मॉड्यूल प्रोग्रॅममध्ये एकच असतं. त्यात स्थिती (प्रोग्रॅम चालताना बदलणारी माहिती) साठवली, की चाचणीसाठी बदली मॉड्यूल बसवणं अवघड होतं. गिलाद ब्राखा यांची न्यूस्पीक म्हणून उलट टोकाला जाते: जागतिक नावंच नाहीत, मॉड्यूल म्हणजे क्लास, आणि लागणाऱ्या गोष्टी तो तयार होताना बाहेरून द्यायच्या. मग एकाच मॉड्यूलचे हवे तेवढे नमुने (इन्स्टन्स) काढा. मला ही दिशा जास्त प्रामाणिक वाटते.

गोदाकाठ
मुद्दा खरा आहे, पण तो स्थितीबद्दल आहे. मॉड्यूलमध्ये बदलती स्थिती ठेवूच देऊ नका, लपवण्याची हद्द मात्र तीच राहू द्या.

सह्यकडा
जुन्या भाषा चालवून बघायला वेळ नसेल तर रस्ट आणि गो. रस्टमध्ये खाजगी फील्ड मॉड्यूलभर आणि त्याच्या उपमॉड्यूलांत दिसतं, गोमध्ये पॅकेजभर. टाइपला स्वतःची भिंत दोन्हीकडे नाही.

पार्सरप्रेमी, एक नियम मात्र आत्ताच ठरवा: परक्या मॉड्यूलच्या टाइपला मेथड जोडता येईल का? गो सरळ नाही म्हणते. रस्ट ट्रेटमधून (टाइपला लावता येणारा मेथडचा संच) जोडू देते, पण ट्रेट किंवा टाइप यांतलं एक तुमच्या क्रेटमधलं, म्हणजे तुमच्याच लायब्ररी किंवा प्रोग्रॅममधलं, हवं. ही अट नसती तर दोन लायब्ररी एकाच टाइपला एकच ट्रेट आपापल्या परीने लावतील आणि कंपायलरने कोणाचं ऐकायचं हे कळणार नाही. लायब्ररी लोकांच्या हाती गेल्यावर हा नियम घट्ट करता येत नाही, म्हणून सुरुवातीला कडक ठेवा, पुढे सैल करता येईल.