कंपनीतून थेट कृषी खात्यात: हितसंबंध कागदावर कसे तपासायचे?

शिवारवाचक:
अमेरिकेत कृषी खात्यात किंवा एफडीएत (अन्न व औषध प्रशासनात) नवी नेमणूक झाली की 'हा तर कंपनीचाच माणूस' अशी ओरड होते. मायकेल टेलर यांचं नाव हमखास निघतं. मोन्सँटो ही बियाणं-कीटकनाशक कंपनी अशील असलेल्या वकिली फर्मचे भागीदार, १९९१ मध्ये एफडीएत, पुढे मोन्सँटोचे उपाध्यक्ष, २०१० मध्ये पुन्हा एफडीएत उपायुक्त. पण एवढ्यावरून हितसंबंध सिद्ध होतो का? कुठला कागद काढायचा, त्यात काय बघायचं?

कलम२०८:
आधी फॉर्म २७८-ई काढा, म्हणजे अधिकाऱ्याने आपली मिळकत आणि मालमत्ता जाहीर केलेला कागद. मंत्री, उपमंत्री अशा सर्वात वरच्या पदांचे फॉर्म ओजीईच्या (सरकारी नीतिमत्ता कार्यालयाच्या) संकेतस्थळावर थेट मिळतात, बाकीच्यांचे फॉर्म २०१ भरून मागावे लागतात. बहुतेक जण थेट शेअरच्या यादीवर जातात. त्याआधी भाग ३ आणि ४ वाचा. जुन्या मालकाकडून येणारं पेन्शन, थकीत बोनस, नोकरीवर परतायची सोय हे सगळं भाग ३ मध्ये. वर्षाला ५,००० डॉलरपेक्षा जास्त मोबदला कुणी दिला ते भाग ४ मध्ये, वकील-सल्लागारांची अशिलं इथेच सापडतात. सोबत एथिक्स अॅग्रीमेंट, म्हणजे अधिकाऱ्याची लेखी हमी असते: काय विकणार, कशातून बाजूला राहणार.

फट कुठे आहे तेही सांगतो. जुन्या मालकाच्या प्रकरणात वर्षभर हात घालायचा नाही, हा नियम ठरावीक पक्षकार असलेल्या प्रकरणांनाच लागतो: परवाना, कंत्राट, दावा. सबंध उद्योगाला लागू होणारी नियमावली त्यात येत नाही. म्हणजे कीटकनाशक संघटनेचा माजी अधिकारी संघटनेचा अर्ज हाताळणार नाही, पण लेबलचे सार्वत्रिक नियम बिनदिक्कत लिहील. शेअर असतील तर कलम २०८ (स्वतःचा पैसा गुंतलेल्या सरकारी कामात भाग घ्यायला बंदी) आडवं येतं, पण तिथेही सूट आहे. सार्वत्रिक नियमाच्या कामात एका सूचीबद्ध कंपनीचे २५,००० डॉलरपर्यंतचे, सगळ्या बाधित कंपन्यांचे मिळून ५०,००० पर्यंतचे शेअर चालतात. धोरण तर सार्वत्रिक नियमांतूनच ठरतं, त्यामुळे ही फट मला सगळ्यात घातक वाटते.

गोठा_ते_बाजार:
टेलर यांचं उदाहरण सरळ नाही. गायीचं दूध वाढवणाऱ्या मोन्सँटोच्या आरबीएसटी संप्रेरकाच्या मंजुरीवरून १९९४ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने त्यांचीही चौकशी केली, आर्थिक हितसंबंध आढळला नाही. त्याच वर्षी कृषी खात्याच्या मांस तपासणी विभागाचे प्रमुख म्हणून त्यांनी खिम्यातला ई. कोलाय ओ१५७:एच७ हा घातक जिवाणू 'भेसळ' ठरवला. मांस उद्योग कोर्टात गेला आणि हरला. तेव्हा जुनी नोकरी पाहून निकाल देऊ नका, सहीचे निर्णय बघा.

माझ्या मते टॉम व्हिल्सॅक यांचं प्रकरण जास्त गंभीर, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. २००९ ते २०१७ कृषिमंत्री, मग दुग्धनिर्यात वाढवणाऱ्या यूएस डेअरी एक्सपोर्ट कौन्सिलचे प्रमुख, २०२१ मध्ये सिनेटच्या ९२ विरुद्ध ७ मतांनी पुन्हा मंत्री. या कौन्सिलचा मोठा पैसा 'चेकऑफ'मधून येतो: शेतकऱ्याच्या दर १०० पौंड (सुमारे ४५ किलो) दुधामागे १५ सेंटची सक्तीची कपात. या निधीवर देखरेख कृषी खात्याची, राष्ट्रीय डेअरी मंडळाचे सदस्य नेमणारा कृषिमंत्रीच. देखरेखीखालच्या पैशातून पगार घ्यायचा आणि परत देखरेखीच्या खुर्चीत बसायचं! आपल्या दूध उत्पादकांशीही याचा संबंध आहे, कारण अमेरिकी दुग्धपदार्थांना भारताची बाजारपेठ खुली व्हावी म्हणून हीच कौन्सिल प्रयत्न करते.

शिवारवाचक:
आपल्याकडे हेच कसं तपासायचं?

कलम२०८:
अन्नापुरतं सांगतो. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) वैज्ञानिक पॅनेलवर स्वतंत्र तज्ज्ञच हवेत, उद्योगाच्या आणि ग्राहकांच्या प्रतिनिधींना चर्चेला बोलवायचं असतं. माहिती अधिकारात (शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस) 'सदस्यांचे हितसंबंध द्या' असं मोघम मागाल तर कलम ८(१)(जे) दाखवून वैयक्तिक माहिती म्हणून नकार येतो. बैठकीची तारीख आणि विषय क्रमांक घालून इतिवृत्त मागा, निमंत्रितांची यादी मागा, आणि कोणत्या विषयाला कोण बाहेर गेलं त्याची नोंद मागा. नोंद नसेल तर 'नोंद नाही' हे लेखी उत्तर घ्या, पहिल्या अपिलात तेच कामाला येतं.