मदत हवी आहे: बेळगावहून समुद्र आणि जंगल एकाच फेरीत, कुठला रूट धरू?

टिळकवाडीकर
दसऱ्याच्या सुट्टीत गाडीनं फिरून यायचंय. समुद्र पण हवा आणि डोंगर-धबधबे पण. गोवा नको, तिथं वर्षभर जाणं-येणं असतंच. व्हिडिओ बघून बघून डोकं भणभणलंय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. कुणीतरी नीट एक रूट सांगा. खोल्या बुक करायच्या आहेत, आजच ठरवायला पाहिजे.

चंदगडी गडी
आंबोली-सावंतवाडी-वेंगुर्ला-मालवण. विचारच करू नका. हिंडलग्यावरून बाची, शिनोळी, पाटणे फाटा, पुढं आंबोली. हिरण्यकेशीचा उगम बघा, घाट उतरा, सावंतवाडीत मुलांना लाकडी खेळणी घ्या. वेंगुर्ला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, ऑक्टोबरात चालू झालेल्या असतात.

मास्तर खानापूर
किती दिवस? किती माणसं? गाडी कुठली? लहान मुलं, म्हातारी माणसं आहेत का? हे काहीच न सांगता रूट कसा सांगणार?

टिळकवाडीकर
तीन रात्री. सात जण, एर्टिगा. आंबोली-मालवण आमचं झालंय, दुसरं सांगा.

कारवारची लेक
मग अणशी घाट. खानापूर, रामनगर, जोयडा, अणशी, कद्रा, कारवार. वाटेत गणेशगुडीला सुपा धरण. कद्र्यापासून काळी नदी सोबत येते ती थेट समुद्रापर्यंत. कारवारात टागोर बीचवर आयएनएस चपळ युद्धनौका आहे, मुलांना आत जाऊन बघता येते. आणि मासे खावेत तर कारवारचेच. मालवणी मसाल्यात मासा कुठला ते कळतच नाही.

चंदगडी गडी
ताई, मालवणी जेवणाला नावं ठेवू नका. आणि अणशी सुचवताय, तिथं २०२१ च्या पावसात दरड कोसळून रस्ता कितीतरी दिवस बंद होता. कारवारचा काळी नदीवरचा पूलही पडला ना?

कारवारची लेक
पडला तो जुना पूल, ऑगस्ट २०२४ मध्ये. नवा पूल शाबूत आहे. आणि अणशीवरून येणारा माणूस कद्र्यावरून सरळ कारवारात उतरतो, नदीपलीकडच्या सदाशिवगडाकडं जायचं असेल तरच पुलाचा प्रश्न. नकाशा बघून बोला.

टिळकवाडीकर
अणशीला वळणं फार आहेत का? आईला घाटात गाडी लागते. गोव्याला चोर्ला घाटातून जाताना दरवेळी कणकुंबीच्या पुढं थांबावंच लागतं.

मास्तर खानापूर
हे आधी यायला हवं होतं. अणशी सोडाच मग. अरुंद रस्ता, झाडी दाट, वळणामागून वळण.

शहापूरच्या वहिनी
आईंना पुढच्या सीटवर बसवा. निघताना पोट रिकामं नको आणि भरगच्चही नको. आलेपाक तोंडात धरायला द्या. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि निघायच्या अर्धा तास आधी. मळमळायला लागल्यावर गोळीचा उपयोग नाही. एक विचारू का? तुमच्याकडं घट बसतात ना? घर बंद करून गेलात तर दिव्याला तेल कोण घालणार, माळ कोण बांधणार?

टिळकवाडीकर
घट धाकट्या भावाकडं बसतात, तो प्रश्न नाही. पण आईचे नऊ दिवस उपवास असतात. तेव्हा माशांचा वाद राहू दे, आधी रस्ता सांगा.

शहापूरच्या वहिनी
अहो, मग नवरात्रात निघायचंच कशाला? त्या भागातल्या हॉटेलात इडली-वडा हवा तेवढा मिळेल, पण साबुदाण्याची खिचडी शोधत फिरावं लागेल. प्रवासात नुसत्या केळ्यांवर आणि राजगिऱ्याच्या लाडवांवर त्या किती तग धरणार? आपल्याकडच्या शाळांना दसऱ्यानंतरही सुट्टी असते. सोनं वाटून दुसऱ्या दिवशी सकाळी निघा. आईंना चार घास पोटभर खाऊ दे.

बेंगळुरूहून बेळगावकर
जोगचा धबधबा आणि मुरुडेश्वर घ्या. जोग २५३ मीटर उंच आहे. राजा, राणी, रोअरर, रॉकेट अशा चार धारा. एकदा तरी बघायलाच हवा.

मास्तर खानापूर
तीन रात्रींत जोग घातला तर माणसं गाडीतच बसून राहतील. शिवाय होन्नावरहून वर चढायला परत घाट.

माझं ऐका. खानापूर, नंदगड, हल्याळ, यल्लापूर, अरबैल घाट, अंकोला, गोकर्ण. अरबैल हा हायवेचा घाट, रस्ता रुंद. ट्रक भरपूर असतात, पण वळणं अणशीसारखी अंगावर येत नाहीत. उजेडात उतरा. उतारावर सारखं ब्रेकवर पाय नको, गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. सात माणसं आणि सामान म्हणजे वजन आहे. यल्लापूरला पहिली रात्र काढा. तिथून मागोडचा धबधबा जवळ. बेडती नदी तिथं दोन टप्प्यांत दरीत कोसळते आणि तुम्ही वरून, समोरून बघता. हीच नदी खाली गंगावळी म्हणून ओळखली जाते आणि गोकर्णाच्या अलीकडं समुद्राला मिळते. म्हणजे दुसऱ्या दिवशी अंकोल्याहून गोकर्णाकडं जाताना पुलावरून जी नदी ओलांडाल ती आदल्या दिवशी बघितलेलीच. मुलांना हे आधी सांगून ठेवा, पूल आला की ती काचेला नाक लावून बसतील.

हलशीचा
नंदगडवरून जाताय तर हलशी चुकवू नका, अगदी जवळ आहे. कदंब राजांची दुसरी राजधानी, पहिली शिरसीजवळची बनवासी. भूवराह नरसिंह मंदिरात समोरासमोर दोन गाभारे आहेत, एकात वराह, दुसऱ्यात नरसिंह. वराहाच्या मूर्तीत पृथ्वी त्यानं कशी उचलून धरलीय ते नीट बघा. आणि नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी. १८३१ मध्ये इंग्रजांनी तिथंच फाशी दिली. आपल्या तालुक्यातली ही ठिकाणं सोडून लोक लांब लांब पळतात, वाईट वाटतं.

कारवारची लेक
मास्तरांचा रूट चांगला आहे, मान्य. एकच सांगते. अंकोला-कुमटा हायवेवर शिरूरला जुलै २०२४ मध्ये मोठी दरड कोसळून माणसं गेली. पाऊस लांबला असेल तर त्या पट्ट्यात डोंगराच्या कडेला गाडी लावून फोटो काढत बसू नका. गोकर्णाहून याणा करा. काळ्या चुनखडीचे दोन प्रचंड सुळके, मोठा १२० मीटरचा. पायथ्याला गुहेत शंकराचं देऊळ. गाडी लावल्यावर चालणं आहे आणि पायऱ्याही, आईंचे गुडघे कसे आहेत?

टिळकवाडीकर
गुडघे ठीक आहेत, सावकाश चढते. वहिनींचं पटलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघतो. जाताना हलशी, एक रात्र यल्लापूर, दोन रात्री गोकर्ण, मधे याणा, येताना त्याच रस्त्यानं परत. यल्लापूरला सात जणांची राहायची सोय कशी होते?

बेंगळुरूहून बेळगावकर
जोग राहिलाच की.

कारवारची लेक
यल्लापूरच्या आसपास सुपारीच्या बागांत हव्यक ब्राह्मणांचे होमस्टे आहेत. आधी फोन करून जेवण सांगून ठेवा. तिथं शाकाहारीच मिळेल, मासे दुसऱ्या दिवशी अंकोल्यात. गोकर्णाची खोली मात्र आजच धरा, दसऱ्याला बेंगळुरूची गर्दी असते.