काचेची पेटी कोंबड्यांच्या मशीनवरनं आली म्हणतात, खरं हाय काय?

खानापूरची_सुनबाई:
नमस्कार. ताईला आठव्या महिन्यातच बाळ झालंय, वजन दीड किलोच्या आत, बेळगावात एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) काचेच्या पेटीत ठेवलंय. बाळ बरं हाय. बाहेर बसून डोक्यात येऊलंय की ही पेटी पहिल्यांदा कुणाला सुचली असेल? आज्जी म्हणते तिच्या वेळी असलं बाळ कापसात गुंडाळून शेगडीजवळ ठेवायचे, जगलं तर जगलं.

निपाणीकर:
खरंच हाय. पॅरिसच्या मातेर्निते दवाखान्यातले डॉक्टर तार्निए यांनी तिथल्या प्राण्यांच्या बागेत अंडी उबवायची पेटी बघितली आणि ती करणाऱ्यालाच, ओदिल मार्तँ त्याचं नाव, बाळांसाठी तसलीच बनवायला सांगितली. १८८० ची गोष्ट. लाकडाची पेटी, दुहेरी भिंती, मधे भुसा भरलेला, खाली गरम पाण्याची टाकी आणि वर बाळं. २ किलोच्या आतली बाळं आधी १०० तली ६६ जायची ती ३८ वर आली, आणि हे नुसत्या उबेवर बरं का, तेव्हा अँटिबायोटिक कुठलं आलंय! त्यांनी हे आकडे मांडून दाखवले म्हणून बाकीच्यांनी ऐकलं, मला तर पेटीइतकंच मोलाचं ते वाटतं.

उचगाव_मास्तर:
अमेरिकेत तर ही बाळं तिकीट लावून दाखवायचे. मार्टिन कूनी म्हणून एकजण, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या करमणुकीच्या ठिकाणी १९०३ पासून १९४३ पर्यंत. म्हणजे आपल्या सौंदत्तीच्या जत्रेत आकाशपाळण्याशेजारी एनआयसीयू! वाचताना अंगावर काटा आला, पण आईबापांकडनं तो एक पैसा घ्यायचा नाही, नर्सांचा पगार, दूध सगळं तिकिटावर, आणि त्या काळी बहुतेक दवाखान्यांत ही सोयच नव्हती. हजारो पोरं वाचली त्यात.

सिस्टर_बेळगाव:
पेटीनं सगळं भागत नाही हेही सांगते. १९४०-५० च्या दशकात पेटीत ऑक्सिजन जास्त सोडल्यानं परदेशात हजारो बाळांची नजर गेली, म्हणून आता आम्ही तो मोजून देतो. आणि १९७८ च्या सुमारास कोलंबियात बोगोटाला पेट्या कमी पडल्या तेव्हा डॉक्टरांनी बाळं आईच्या उघड्या छातीवरच ठेवायला सुरुवात केली, तेच कांगारू केअर. ताईला डॉक्टरांना विचारायला सांगा, कधी सुरू करायचं ते.

खानापूरची_सुनबाई:
सिस्टर, ताईचं सिझर झालंय, बसवत नाही जास्त वेळ. भाऊजींनी घेतलं तर चालतंय काय?

सिस्टर_बेळगाव:
चालतंय की! आज्जीनं घेतलं तरी चालतंय. आंघोळ करून, पुढं बटणं असलेला शर्ट घालून येऊ दे, बाळाला फक्त टोपी आणि लंगोट. सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी नको.